डांबर की काँक्रीट? आधी उंबऱ्याची उंची मोजू या

(वॉर्डातल्या महिला मंडळांच्या एकत्रित बैठकीत झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. वक्त्यांनी एका नगरपालिकेच्या बांधकाम विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून सव्वीस वर्षे नोकरी केली आहे. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी चर्चेतले काही प्रश्न दिले आहेत. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

तुमच्या मंडळातल्या ताईंचा निरोप आला तेव्हा मी आधी हसले. म्हटलं, इतकी वर्षं आपण हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन यावर बैठका घेतल्या, आता रस्त्यावर? त्यांनी सांगितलं, गल्लीत सह्यांचा कागद फिरतोय. ‘काँक्रीट हवं की डांबर, ते महिनाअखेरीपर्यंत लिहून द्या’ असा वॉर्ड ऑफिसचा निरोप आहे. घरोघरच्या पुरुषांनी काँक्रीटवर सह्या करून टाकल्या आहेत. बायकांना विचारलं तर त्या म्हणतात, आम्हाला त्यातलं काय कळतं?

तो कागद मी मघाशी पाहिला. त्यावर एकाही बाईची सही नाही. म्हणून आज मी तुम्हाला ‘त्यातलं’ काय असतं ते सांगणार आहे. ते फार अवघड नाही. उलट त्यातला महत्त्वाचा भाग तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

आधी एक साधी गोष्ट विचारते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या गल्लीत कोण असतं? बायका असतात, शाळेतून आलेली मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. घंटागाडीमागे झाडू घेऊन येणाऱ्या बाई असतात, भाजीवाली असते. नळाला पाणी आलं की हंडे-बादल्या गल्लीत, टँकर आला की नळीवरून भांडणं गल्लीत. कपडे धुणं, धान्य वाळवणं, बाळाला उन्हात बसवणं, शेजारणीशी दोन शब्द बोलणं, सगळं गल्लीतच. दोन खोल्यांच्या घराची तिसरी खोली म्हणजे गल्ली. ज्यांचा दिवस तिथे जातो, त्यांना तिचा पृष्ठभाग कशाचा असावा हे विचारायचं नाही, आणि जे सकाळी स्कूटरला किक मारून जातात ते रात्री येतात, त्यांनी ठरवायचं, ही रीत आपण बदलायला हवी.

आता डांबर म्हणजे काय ते पाहू. आपण डांबर म्हणतो ते हल्ली खनिज तेलातून निघणारं बिटुमेन असतं. दगडी कोळशापासून निघणारं जुनं डांबर वेगळं. खाली मुरूम, त्यावर खडीचे थर दाबून बसवलेले, आणि सगळ्यात वर गरम बिटुमेनमध्ये घोळवलेली खडी. हा रस्ता थोडा लवचीक असतो. वरून आलेलं वजन तो एका थरातून दुसऱ्या थरात उतरवत जमिनीपर्यंत पोचवतो. त्यामुळे त्याची खरी ताकद वरच्या काळ्या थरात नसते, खालच्या थरांत असते. खालचं ओलं राहिलं की वरचं बसतं.

डांबराचा खरा शत्रू पाणी. पाणी साचून राहिलं की ते खडी आणि डांबर यांच्या मधे शिरतं, खडी सुटी होते, गाडीच्या चाकाने ती उडते आणि खड्डा पडतो. आपल्या गल्लीत पाऊस चार महिने, पण नळाचं गळणं आणि मोरीचं साबणाचं पाणी बारा महिने. म्हणून जिथे गटार नाही किंवा तुंबलेलं आहे, तिथे डांबर टिकत नाही. दोष डांबराचा असतोच असं नाही.

डांबराचे फायदेही आहेत. सुरुवातीचा खर्च कमी. काम झाल्यावर एक-दोन दिवसांत रस्ता वापरता येतो. पाइपलाइनसाठी खोदावा लागला तर नीट बुजवता येतो, अर्थात कुणी नीट बुजवला तर. तोटा असा की काही वर्षांनी वर नवा थर द्यावा लागतो, आणि पावसाळ्यात ते काम होत नाही.

‘डांबर म्हणजे खड्डे’ असं म्हणणाऱ्याला पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याची आठवण द्यावी. १९७६ साली तो बांधला. मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांची हमी दिली होती. हमीची दहा वर्षं संपली, तरी पुढे कित्येक दशकं त्या रस्त्यावर खड्डा दिसला नाही. तोही डांबरीच रस्ता! जादू काही नव्हती. काम नीट झालं होतं आणि बिघडलं तर जबाबदारी कुणाची हे आधी लिहून घेतलं होतं.

आता काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी. हा रस्ता ताठ असतो, फरशीसारखा. वजन तो स्वतःच्या सगळ्या अंगावर पसरून घेतो, म्हणून खालची जमीन थोडी कमकुवत असली तरी चालतं. साबणाचं पाणी, गळकं पाणी त्याला फारसं बाधत नाही. नीट केला तर वीस-पंचवीस वर्षं, त्याहूनही जास्त टिकतो. रात्री दिव्याचा उजेड त्यावरून परावर्तित होतो, म्हणून गल्ली जरा उजळ वाटते. अंधारात कामावरून परतणाऱ्या मुलीला हा फरक कळतो. ऊन मात्र दोन्ही रस्ते धरून ठेवतात. काळं डांबर जास्त तापतं, इतकंच. अनवाणी चालणाऱ्या पोराला विचारा.

पण ‘नीट केला तर’ या शब्दांत पुष्कळ काही आलं. काँक्रीट ओतल्यावर पहिल्या दिवसातच त्यात दर चार-साडेचार मीटरवर आडव्या खाचा कापाव्या लागतात. नाही कापल्या तर काँक्रीट आकसताना स्वतःच वाटेल तिथे तडकतं. किमान चौदा दिवस ते ओलं ठेवावं लागतं. पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरतात. म्हणजे जवळजवळ महिनाभर गल्लीत गाडी नाही. त्या महिन्यात गॅसचं सिलिंडर कुठून येणार? कुणाचे दिवस भरले असतील तर रिक्षा कुठपर्यंत येणार? अर्धांगवायूने पडून असलेल्या सासऱ्यांना दवाखान्यात कसं नेणार? हे प्रश्न अंदाजपत्रकात नसतात. ते ज्यांच्या अंगावर पडतात त्या अंदाजपत्रक करायला नसतात. आणखी एक. काँक्रीटवर मारायचं पाणी कुठून येतं? ज्या गल्लीत बायका पहाटे चारला उठून हंडे भरतात, त्याच गल्लीत रस्त्यावर रोज पाणी ओततात तेव्हा भांडण होणारच. ठेकेदाराने टँकर बाहेरून आणायचा, हे आधीच लिहून घ्यावं लागतं.

काँक्रीटचा मोठा तोटा म्हणजे ते फोडणं सोपं नाही. खालची पाण्याची नळी जुनी असेल, ड्रेनेज बारा इंचांच्या जागी सहा इंचांचं असेल, तर रस्ता झाल्यावर वर्षभरात कुणीतरी ब्रेकर घेऊन येणार. मग चर बुजवतात मातीने किंवा जेमतेम सिमेंट ओतून, आणि पंचवीस वर्षांचा रस्ता पाच वर्षांत ठिगळांचा होतो.

आता मी माझी एक चूक सांगते. ही गोष्ट मी याआधी कुठल्या सभेत सांगितलेली नाही.

नोकरीत असताना एका गल्लीचं काम माझ्याकडे होतं. रस्ता डांबरी होता, पाच-सहा वेळा थरावर थर टाकलेला. आता काँक्रीट मंजूर झालं. जुना रस्ता खोदून काढायचा तर खर्च वाढतो, माल टाकायला जागा लागते, दिवस वाढतात. मार्चअखेर जवळ होती. निधी परत जाईल म्हणून सगळे घाईत. जुन्यावरच दहा सेंटीमीटरचा साध्या काँक्रीटचा थर आणि वर वीस सेंटीमीटरचा मुख्य थर टाकायचं ठरलं. म्हणजे तीस सेंटीमीटर, एक फूट. घराच्या पायरीची उंची साधारण पंधरा सेंटीमीटर असते. हिशेब करा, दोन पायऱ्या गेल्या.

मी काम चोख पाहिलं. जाडी मोजली, काँक्रीटचे ठोकळे तपासणीला पाठवले, ते पास झाले. खाचा वेळेत कापून घेतल्या. मोजमाप पुस्तकात नोंदी केल्या, सही केली. उद्घाटन झालं, नारळ फुटला. मलाही बरं वाटलं. बाई असून काम चांगलं करते, असं वरिष्ठ म्हणाले.

जुलैत एक बाई ऑफिसात आल्या. हातात भिजलेलं शिलाई मशीनचं कव्हर होतं. शिवणकाम करून त्या घर चालवत होत्या. म्हणाल्या, “मॅडम, रस्ता लई छान झाला. पण माझं घर खड्ड्यात गेलं.” रात्री दोनला पाणी घरात शिरलं होतं. मशीन, गिऱ्हाइकांचे कपडे, धान्याचं पोतं, मुलीची दहावीची पुस्तकं, सगळं पाण्यात. गल्लीच्या खालच्या अंगाच्या अकरा घरांत हीच अवस्था. मी पाहायला गेले. पुरुष रस्त्यावर उभे राहून नगरपालिकेला शिव्या देत होते. बायका घरातून तपेल्यांनी पाणी उपसत होत्या. मला पाहून कुणी काही बोललं नाही. एका म्हाताऱ्या मावशींनी फक्त सरकून वाट दिली.

त्या रात्री मी माझे कागद पुन्हा काढले. रस्त्याची लांबी होती, रुंदी होती, जाडी होती, सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब होता. घरांच्या जोत्यांची उंची कुठेही नव्हती. त्यासाठी रकानाच नव्हता. आम्ही लेव्हल घेतली होती ती रस्त्याच्या मध्यावर. उंबऱ्यावर कुणी पट्टी धरली नव्हती. मी रोज त्या दारांसमोरून जात होते, तरी माझ्याही ते डोक्यात आलं नाही. मी बाई होते, पण माझा चष्मा खात्याचा होता.

त्या गल्लीत नंतर काय झालं? ज्यांना परवडलं त्यांनी घरात भर घालून जमीन उंच केली. मग छत डोक्याला लागायला लागलं. ज्यांना परवडलं नाही त्यांनी दारात विटांचा बांध घातला. तो बांध ओलांडताना एक आजी पडल्या, मांडीचं हाड मोडलं. भाडेकरू घर सोडून गेले. शिवणकाम करणाऱ्या बाई भाडेकरूच होत्या. नुकसानभरपाईच्या यादीत भाडेकरूंची नावं नव्हती.

म्हणून मी तुम्हाला सांगते, डांबर की काँक्रीट हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की रस्ता तयार झाल्यावर त्याची उंची आणि माझ्या उंबऱ्याची उंची यांत किती अंतर राहील?

हे एका गल्लीपुरतं नाही. मुंबईत महापालिकेने शहरातले रस्ते काँक्रीटचे करायचं ठरवलं. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे चारशे किलोमीटरची, सहा हजार कोटींच्या आसपासची कामं एका वेळी सुरू करायचं जाहीर झालं. एवढं खोदकाम एकदम निघालं की धूळ, बंद गल्ल्या, तुटलेल्या नळ्या हे सगळं आलंच. नागपुरात गेल्या काही वर्षांत सिमेंट रस्त्यांचं जाळं झालं आणि घरं रस्त्याच्या खाली गेल्याच्या तक्रारी वस्त्या-वस्त्यांतून आल्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तिथे अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं. त्या पुराला फक्त रस्ते कारण होते असं मी म्हणणार नाही. पण पाणी उतरायला जागा हवी असते. रस्ता घरापेक्षा उंच असेल तर पाण्याच्या दृष्टीने घर हेच गटार.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. वस्तीने पाणी मागितलं, ड्रेनेज मागितलं, तर पुष्कळदा मिळतो रस्ता. कारण रस्ता दिसतो. त्यावर पाटी लावता येते. नळी जमिनीखाली जाते, तिच्यापुढे नारळ फोडून फोटो काढता येत नाही. गोरेगावच्या बायकांना घेऊन मृणाल गोरे पाण्यासाठी लढल्या तेव्हा लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. पाण्याची नळी हा राजकारणाचा विषय आहे हे त्या चळवळीने दाखवून दिलं. रस्त्याखालची नळी हाही तसाच विषय आहे. रस्ता मंजूर झाला की आपण आधी विचारायचं, खाली काय आहे?

आता रस्ता बांधणाऱ्या बायकांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या लाखो बायकांनी सरकारी कामांवर खडी फोडली, माती वाहिली. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला त्यामागे त्या बायकांचे श्रम आहेत. रस्ते बायकांनी बांधले, पण रस्ता कुठून जावा हे त्यांना कुणी विचारलं नाही. आजही गल्लीच्या कामावर घमेलं बाईच्याच डोक्यावर असतं. गडी मशीनवर, बाई घमेल्यावर, आणि मजुरी कमी. कारण तिचं काम ‘हलकं’!

काँक्रीट हाताळणाऱ्या बाईचे हात कधी पाहिलेत? ओलं सिमेंट तीव्र अल्कलीचं असतं. कातडी फाटते, जखमा होतात, काहींना कायमची ॲलर्जी होते. कोरडं सिमेंट आणि दगडाची भुकटी फुप्फुसांत जाते. डांबराचं काम करणाऱ्या बाईच्या पायांखाली सव्वाशे-दीडशे अंशाची खडी असते. पायात रबरी चप्पल, तिच्याभोवती कापड गुंडाळलेलं. रस्त्यावर गरम बिटुमेन पसरताना होणाऱ्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली ‘कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असलेल्या’ गोष्टींत धरलं. म्हणजे दोन्हींपैकी कुठलाही रस्ता तिच्यासाठी निरुपद्रवी नाही. १९९६च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यात पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर हवं, अशी तरतूद होती. गल्लीच्या कामावर बायका असतात चार-सहा. ती अट तिथपर्यंत पोचलीच नाही. पोर रोलरच्या बाजूला गोणपाटावर झोपायचं, झोपतं.

आपल्या गल्लीत काम निघेल तेव्हा हातमोजे, बूट, प्यायचं पाणी आणि संडास यांची सोय आपण मागू शकतो. निदान कुणाच्या तरी ओट्यावर तिच्या पोराला सावली देऊ शकतो. हे उपकार म्हणून करायचं नाही. आपल्या दारासमोरचा रस्ता ती बांधते आहे.

बरं, मग तुमच्या गल्लीसाठी काय? मी येताना चालत आले, पाहत आले. डाव्या हाताच्या घरांना तीन-तीन पायऱ्या आहेत. उजव्या हाताच्या घरांना एक. शेवटच्या सात घरांना एकही नाही, रस्ता आणि उंबरा एका पातळीत. सह्यांच्या कागदावर पहिल्या सह्या तीन पायऱ्यांच्या घरांतल्या आहेत. त्यात त्यांचा वाईट हेतू नाही. त्यांच्या घरात पाणी शिरत नाही, एवढंच.

निवड करताना मी स्वतः असं पाहीन. गल्ली अरुंद असेल, रोलर आत येऊ शकत नसेल, चढ असेल, किंवा पाणी कायम वाहत असेल, तर काँक्रीट बरं. पण त्याआधी पाण्याची आणि ड्रेनेजची नळी बदलून झाली पाहिजे. ती झालेली नसेल तर काँक्रीटला थांबा म्हणा. गल्ली रुंद असेल, झाडं असतील, नळ्यांचं काम दोन-चार वर्षांत निघणार असेल, तर डांबर बरं. मात्र नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढायचा. थरावर थर नको. तिसरा पर्यायही असतो, पेव्हर ब्लॉक. ते काढून पुन्हा बसवता येतात, फटींतून थोडं पाणी जिरतं. पण खालची वाळू नीट दाबली नसेल तर ते खालीवर होतात, आणि काठी टेकत चालणाऱ्या माणसाला ते धोक्याचे.

काहीही निवडलं तरी आपल्या अटी त्याच कागदावर लिहायच्या. मी त्या सांगते, कुणीतरी लिहून घ्या.

एक, तयार रस्ता आजच्या रस्त्यापेक्षा उंच होणार नाही. उंची वाढणार असेल तर तेवढं आधी खोदायचं. सगळ्यात खालच्या घराचं जोतं धरून पातळी ठरवायची.

दोन, गटाराचा उतार आणि पाणी शेवटी कुठे जाणार हे नकाशावर दाखवायचं. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत.

तीन, पुढे लागतील त्या नळ्या-वायरींसाठी रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकून ठेवायचे, म्हणजे पुन्हा फोडावं लागणार नाही.

चार, झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली असाच आदेश दिला होता. आपणही तो दाखला द्यायचा.

पाच, काँक्रीट असेल तर वरून ब्रशने आडव्या रेघा ओढून खरखरीत करायचं. गुळगुळीत काँक्रीटवर साबणाचं पाणी सांडलं की घसरणारी आपल्यातलीच कुणीतरी असते. आणि चांगल्या रस्त्यावर मोटरसायकली सुसाट जातात, तेव्हा गतिरोधक कुठे हवा हे मुलांच्या आयांना विचारून ठरवायचं.

सहा, कामाच्या तारखा आधी कळवायच्या. बाळंतीण, आजारी, अपंग माणूस कुठल्या घरात आहे याची यादी आपण द्यायची, आणि त्यांच्यासाठी वाट ठेवायची. काम गल्लीच्या अर्ध्या-अर्ध्या रुंदीत करता येतं का ते विचारायचं.

सात, गल्लीच्या तोंडाशी पाटी. ठेकेदाराचं नाव, थरांची जाडी, खर्च, आणि किती वर्षांत बिघडलं तर त्याने स्वतःच्या पैशाने दुरुस्त करायचं.

हे मागायचा आपल्याला अधिकार आहे का? आहे. १९९२च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. अंदाजपत्रकाची प्रत, मोजमाप पुस्तकाची प्रत, तपासणीचे अहवाल अर्ज करून मागता येतात. आपल्या नगरसेविकेला नुसतं हळदीकुंकवाला बोलावू नका. मोजणीच्या दिवशी गल्लीत बोलवा. तिच्याऐवजी तिचे पती आले तर त्यांना चहा द्या आणि सांगा, ताईंना घेऊन या.

शेवटचं. उंची मोजायला इंजिनिअर लागत नाही. गवंडी काय करतात ते तुम्ही पाहिलं असेल. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घेतात, तिच्यात पाणी भरतात. दोन टोकांना पाणी एका पातळीत राहतं. एक टोक गल्लीच्या वरच्या अंगाला, दुसरं प्रत्येक दाराशी. पाण्याच्या रेषेवर खडूने खूण करा आणि तिथून खाली उंबऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. रस्त्यापर्यंतचंही मोजा. दोन आकडे प्रत्येक घराचे. एका वहीत लिहा. खात्याच्या कागदात जो रकाना नव्हता तो तुमच्या वहीत असेल.

ती वही माझ्याकडे तेव्हा असती तर मी सही करताना थांबले असते. निदान थांबायला मला कारण मिळालं असतं.

चर्चेतून

प्रश्न: आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. आम्ही अटी घालत बसलो आणि निधी परत गेला तर?

उत्तर: ही भीती खरी आहे. मार्चच्या घाईने पुष्कळ चुका करून घेतल्या आहेत, माझीही त्यातच झाली. म्हणून नकार देऊ नका. ‘रस्ता हवा, या पातळीवर हवा’ असं लिहा. नकाराने निधी जातो, अटीने सहसा जात नाही. आणि तीन पायऱ्यांच्या घराने सात घरांसाठी सही केली, तर तीच खरी मंडळाची ताकद.

प्रश्न: आम्ही भाड्याने राहतो. आमची सही चालेल का?

उत्तर: मालकीचा प्रश्न इथे नाहीच. तुम्ही त्या गल्लीत राहता, पाणी तुमच्या घरात येणार. वहीत घराचे आकडे लिहाल तेव्हा मालकाचं नाव लिहू नका. जी राहते तिचं लिहा. पुढे भरपाईची वेळ आली तर ती वही उपयोगी पडेल.

प्रश्न: पुरुष म्हणतील, आता बायका इंजिनिअरिंग शिकवणार.

उत्तर: म्हणू देत. नळीचं एक टोक त्यांच्या हातात द्या. पाण्याची पातळी बाई धरते की पुरुष यावर बदलत नाही, हे त्यांनाही दिसेल.

(बैठकीनंतरच्या रविवारी सकाळी मंडळातल्या नऊ जणींनी गल्ली मोजली. शेवटच्या सात घरांपैकी चार घरांचे उंबरे आताच रस्त्यापेक्षा खाली असल्याचे दिसून आले. सह्यांचा नवा कागद अटींसह तयार झाला आहे.)